स्वदेशातच परकी झालेली बाभूळ

जुलै आणि ऑगस्ट हे ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात ऐन थंडीचे महिने. याच दिवसांत न्यू साउथ वेल्स राज्यातल्या कूटामुंड्रा गावाभोवतीच्या खडकाळ टेकड्यांवर एक ठेंगणे झाड पिवळ्याजर्द फुलांनी असे लहडते की पाने शोधावी लागतात. आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना हे गाव ठाऊक असते ते २७ ऑगस्ट १९०८ रोजी डॉन ब्रॅडमन तिथे जन्मले म्हणून. जगभरच्या बागप्रेमींना ते ठाऊक असते ते या झाडामुळे. त्याचे रूढ नाव कूटामुंड्रा वॅटल आणि शास्त्रीय नाव अकेशिया बेलियाना. हे झाड अस्सल ऑस्ट्रेलियन आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्याच कित्येक रानांतून आज ते उपद्रवी तण म्हणून उपटून काढले जाते. एखादे झाड आपल्याच देशात परके कसे ठरते, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाचा आहे तितकाच आपलाही आहे. ‘देशी झाडे लावा’ असे आपण गेली अनेक वर्षे एकमेकांना सांगत आहोत, पण देशीपणाची हद्द कुठून कुठपर्यंत, हे क्वचितच विचारतो. या एका झाडाचा इतिहास नीट पाहिला, तर ही हद्द राष्ट्राच्या नकाशावर सापडत नाही. ती सापडते त्या झाडाच्या मूळ मातीत, तिथल्या पावसात आणि त्याच्या शेजारच्या वनस्पतींत.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. ऑस्ट्रेलियात वॅटल म्हणतात त्या झाडांच्या हजाराच्या आसपास जाती आहेत आणि त्या साऱ्या आपल्या बाभूळ, खैर, हिवर यांच्या नात्यातल्या आहेत. मात्र बहुतेकींना काटे नसतात. त्यांतल्या बऱ्याच जातींचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की रोप मोठे होताना बाभळीसारखी बारीक पर्णिकांची पाने येणे थांबते आणि देठच रुंद, चपटा होऊन पानाचे काम करू लागतो. कूटामुंड्रा वॅटल तसे करत नाही. तिची पाने शेवटपर्यंत पिसासारखी राहतात आणि त्यांच्यावर निळसर रुपेरी झाक असते. एका लागवडीच्या वाणाची कोवळी पालवी जांभळी निघते, त्यामुळे फुले नसतानाही ते झाड उठून दिसते. फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८८ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि क्वीन्सलँडचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॅन्सन बेली यांचे नाव तिला दिले. बियांपासून सहज येणारी, भराभर वाढणारी, दोन-तीन वर्षांतच फुलणारी, थोड्या पाण्यावर आणि थोड्याफार दहिवरातही टिकणारी अशी ही जात. रोपवाटिकेला याहून अधिक काय हवे असते?

आश्चर्य वाटावे असा भाग तिच्या मूळ क्षेत्राचा आहे. मानवाने हात लावण्यापूर्वी ही जात कूटामुंड्रा, टेमोरा, स्टॉकिनबिंगल, बेथुंग्रा अशा मोजक्या गावांच्या परिसरात, दक्षिण न्यू साउथ वेल्सच्या आतल्या पट्ट्यातच होती. ऑस्ट्रेलियाचा विस्तार पाहता हा नकाशावरचा एक ठिपका. जी जात आज मेलबर्नपासून कॅलिफोर्नियापर्यंत सुखाने वाढते, ती मुळात एवढ्याशा जागेत का अडकून होती? हवामान हे त्याचे पुरेसे उत्तर नाही. तसे असते तर ती इतरत्र तगलीच नसती. उत्तराचा मोठा भाग बियांच्या प्रवासात आहे. वॅटलच्या शेंगा वाळल्या की उकलतात आणि काळ्या, टणक बिया झाडाखालीच पडतात. बीला चिकटलेल्या पौष्टिक गराच्या लोभाने मुंग्या ती वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि बी तिथेच सोडून देतात. बीला निवारा मिळतो, पण मुंगीची मजल काही मीटरांची. कधी एखादा पक्षी बी जरा लांब नेतो. अशा गतीने एक जात हजारो वर्षांत जिथवर पोचली, ते तिचे क्षेत्र. मध्ये आडवी आलेली मैदाने, वेगळी माती, आधीपासून ठाण मांडून बसलेल्या इतर जाती, हे सगळे तिच्या कुंपणाचे दगड होते. माणसाने बियांचे पाकीट उचलले आणि ते कुंपण एका दिवसात ओलांडले गेले.

विसाव्या शतकात ही लागवड चांगलीच फोफावली आणि तिच्यामागची भावना समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी आधी ओक, एल्म, गुलाब लावले होते. पुढे आपल्या भूमीची झाडे आपल्या अंगणात असावीत असा विचार रुजला, तेव्हा वॅटलपेक्षा योग्य झाड दुसरे नव्हते. १९१० मध्ये अनेक शहरांनी मिळून वॅटल दिन साजरा केला, १९८८ मध्ये गोल्डन वॅटल म्हणजे अकेशिया पिकनान्था हे अधिकृत राष्ट्रीय पुष्प झाले आणि १९९२ पासून १ सप्टेंबर हा देशभरचा वॅटल दिन ठरला. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या अंगावरचा हिरवा-सोनेरी रंग आपण दूरदर्शनवर पाहत आलो आहोत. तो वॅटलचाच रंग मानला जातो. अशा वातावरणात कूटामुंड्रा वॅटल लावणे हे बागकामाइतकेच देशप्रेमाचेही काम वाटे. घरांच्या अंगणांत, शाळांत, रस्त्यांच्या कडेला, उघड्या पडलेल्या उतारांवर ती लावली गेली. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका घेण्याचे कारण नाही.

त्यानंतरचे काम झाडाने स्वतः केले. व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि न्यू साउथ वेल्सचाच मूळ क्षेत्राबाहेरचा भाग, इथे ती बागेतून निसटून रानात आपोआप रुजली. देशाबाहेर न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि कॅलिफोर्नियातही तसेच घडले. तिचे बळ तिच्या बियांत आहे. वॅटलच्या बीचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही आणि बी वर्षानुवर्षे, कधी दशकानुदशके मातीत जिवंत पडून राहते. वणवा आला की त्या उष्णतेने कवच तडकते आणि मोकळ्या झालेल्या राखेच्या जमिनीवर एकाच वेळी शेकडो रोपे उठतात. मूळ झाडाचे आयुष्य फार नाही. दोन-तीन दशकांत ते वाळून जाते. म्हणून पाहणाऱ्याला वाटते की झाड मेले आणि प्रश्न मिटला. प्रत्यक्षात प्रश्न जमिनीखाली साठवलेला असतो.

रोपे उठली तर बिघडते काय, असे कोणीही विचारील. बिघडते ते तीन प्रकारे. दाट वाढलेल्या वॅटलच्या सावलीत खालची झुडपे, जमिनीलगतची ऑर्किडे आणि गवते मागे हटतात. ऑस्ट्रेलियन रानाची श्रीमंती बहुतांशी याच खालच्या थरात असते. दुसरा प्रकार मातीतला आहे. बाभूळकुळातल्या इतर झाडांप्रमाणे हिच्याही मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात आणि ते हवेतला नत्र जमिनीत आणतात. शेतकऱ्याला हे वरदान वाटेल. पण ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी आणि निकस आहे, आणि तिथल्या असंख्य जाती त्या निकसपणाशीच जुळवून घेत घडल्या आहेत. तिथे नत्र वाढला की फायदा होतो तो बाहेरून आलेल्या गवतांचा आणि तणांचा. मूळच्या चिवट, मिताहारी झाडोऱ्याचा नव्हे. तिसरा प्रकार सर्वांत कमी दिसतो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कूटामुंड्रा वॅटलचा सिल्व्हर वॅटलसारख्या जवळच्या जातींशी संकर होतो. निसर्गात या जाती बऱ्याच ठिकाणी एकमेकींपासून दूर होत्या, बागांनी त्यांना शेजारी आणले. रोप उपटता येते, पण स्थानिक जातीच्या वंशात मिसळलेले गुण वेगळे काढता येत नाहीत.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत स्वाभाविक आक्षेप असा, की झाड ऑस्ट्रेलियाचे, रान ऑस्ट्रेलियाचे. मग आक्रमण कोणी कोणावर केले? या प्रश्नामागे असे गृहीत आहे की निसर्गालाही राष्ट्रे असतात. कूटामुंड्रापासून पर्थ सुमारे ३००० किलोमीटर दूर आहे आणि मध्ये नलारबॉरचे जवळजवळ वृक्षहीन पठार पसरले आहे. मुंबई ते गुवाहाटी हे अंतरही त्याहून पुष्कळ कमी. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा हा जगातल्या सर्वांत समृद्ध वनस्पतिप्रदेशांपैकी एक आहे. तिथल्या हजारो जाती इतर कुठेच सापडत नाहीत, कारण वाळवंटाने तो भाग उरलेल्या खंडापासून तोडलेला होता. त्या जातींच्या दृष्टीने कूटामुंड्राहून आलेले झाड आणि आफ्रिकेहून आलेले झाड यांत फरक नाही. दोघांच्याही सवयी त्यांना अनोळखी. आणि हे एकाच झाडाचे प्रकरण असते तर अपवाद म्हणून सोडता आले असते. पण पूर्व किनाऱ्याचे स्वीट पिटोस्पोरम हे सुवासिक फुलांचे झाड मेलबर्नजवळच्या डँडेनाँग डोंगरांत उपद्रवी ठरले आहे. राष्ट्रीय पुष्पाचा मान असलेली गोल्डन वॅटलसुद्धा पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि टास्मानियात तणांच्या यादीत आहे. राष्ट्रीय सन्मानामुळे तिच्या मुळांचे काम बदललेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. २०११ साली मार्क डेव्हिस आणि त्यांच्या अठरा सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडले, की जातीचा न्याय तिच्या जन्मस्थानावरून करू नका, ती प्रत्यक्षात काय करते ते पाहा. पुष्कळ परक्या जाती निरुपद्रवी असतात, काही उपयोगी असतात, आणि ‘परके ते वाईट’ ही विचारसरणी माणसांच्या बाबतीत किती घातक ठरते हे आपण जाणतोच. लगेचच डॅनियल सिंबरलॉफ यांच्यासह १४१ शास्त्रज्ञांनी त्याच पत्रिकेत हरकत नोंदवली. त्यांचे म्हणणे असे, की परक्या जातीचा परिणाम दिसायला बराच काळ जाऊ शकतो. या वादात मला डेव्हिस यांचे अर्धे म्हणणे पटते. जन्मस्थान हा गुन्हा नाही. पण ते एक महत्त्वाचा सुगावा आहे, आणि बिया दशकानुदशके दडवून ठेवणाऱ्या झाडाबाबत तो सुगावा टाकून देणे महागात पडते. परिणाम सिद्ध होईपर्यंत थांबायचे, तर तोवर जमिनीत पुढच्या पिढ्यांची तरतूद होऊन गेलेली असते.

हाच मुद्दा आपल्या बाभळीने ऑस्ट्रेलियात लख्ख दाखवून दिला आहे. भारतीय उपखंडातली बाभूळ, शास्त्रज्ञ जिला व्हॅचेलिया निलोटिका म्हणतात, १८९०च्या दशकात सावलीसाठी आणि शोभेसाठी क्वीन्सलँडमध्ये नेली गेली. शेंगा जनावरे आवडीने खातात म्हणून पशुपालकांनीही तिचे स्वागत केले. पुढे लोकरीचे भाव पडले तशा मेंढ्या कमी होऊन गुरे वाढली. गुरांच्या पोटातून बिया धड बाहेर पडतात आणि शेणाबरोबर दूरवर पसरतात. अधूनमधून आलेल्या ओल्या वर्षांनी त्या रुजवल्या, आणि मिशेल गवताची मोकळी मैदाने काटेरी जंगलाखाली जाऊ लागली. आज क्वीन्सलँडमधली बाधित जमीन साठ लाख हेक्टरांच्या वर आहे आणि १९९९ मध्ये देशाने निवडलेल्या वीस सर्वांत गंभीर तणांत बाभळीचा समावेश झाला. दख्खनच्या ओढ्याकाठी शेळ्यांना पाला आणि औताला लाकूड देणारी तीच ही बाभूळ. इथे तिच्याबरोबर वाढलेले किडे, बुरश्या आणि चरणारी जनावरे आहेत, फांद्या तोडणारी माणसे आहेत. तिथे ती एकटी गेली. झाडाच्या अंगी दोष नाही. ठिकाण बदलले की त्याच्या गुणांचे परिणाम बदलतात.

आणखी दोन आक्षेप राहिले. एक हवामानबदलाचा: पृथ्वी तापत आहे, जाती आपापली जागा सोडून सरकणारच, मग जुन्या हद्दी कशाला जपायच्या? जाती सरकतील हे खरे. पण शेजारच्या दरीतून हळूहळू सरकत येणारी जात आपल्याबरोबर आपले भक्षक, परागण करणारे कीटक आणि रोगही आणते. मोटारीतून रोपवाटिकेत उतरलेली जात यांपैकी फारसे काही आणत नाही. उलट हवामान बदलत असताना स्थानिक जातींत जेवढी विविधता शिल्लक असेल तेवढा त्यांना तरण्याचा मार्ग अधिक, आणि संकराने नेमकी तीच पुसट होते. दुसरा आक्षेप सौंदर्याचा, आणि तो मी हलका मानत नाही. लांबलेल्या थंडीत पहिला पिवळा बहर पाहून माणसाला जो आनंद होतो तो खरा आहे. मधमाश्यांनाही या काळात कूटामुंड्रा वॅटलचा मुबलक पराग मिळतो. पण त्याच काळात फुलणाऱ्या स्थानिक वॅटल बहुतेक ठिकाणी उपलब्ध आहेत, आणि त्या लावल्याने आनंदात काही उणे होत नाही. दाट शहरात, जिथून रान कोसभर दूर आहे, तिथल्या एखाद्या जुन्या कूटामुंड्रा वॅटलवर कुऱ्हाड चालवावी असे मी म्हणणार नाही. रानाला लागून असलेल्या अंगणाची गोष्ट वेगळी.

उपायांबाबत दक्षिण आफ्रिकेचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियन वॅटलने तिथे मोठे क्षेत्र व्यापल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी झाड मारण्याऐवजी बी मारण्याचा मार्गही धरला: मेलँटेरियस वंशातले, शेंगांतले दाणे खाणारे भुंगे ऑस्ट्रेलियातूनच आणून, त्यांची नीट पारख करून सोडले. यात झाडाचे लाकूड, सावली, फूल शिल्लक राहते आणि पसरण्याचा वेग मात्र घटतो. हे काम धीराचे आहे आणि जमिनीत आधीच पडलेल्या बियांवर त्याचा उपाय चालत नाही. कूटामुंड्रा वॅटलच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल आहे. सिल्व्हर वॅटल तोडली की मुळांपासून फुटव्यांची रांग उभी करते. ही सहसा तसे करत नाही. लहान रोप हाताने उपटले, मोठे झाड बुडाशी कापले की ते संपते. मग दरवर्षी, विशेषतः वणव्यानंतर, त्याच जागी परत जाऊन नवी रोपे काढावी लागतात. एका मोहिमेत हे काम उरकत नाही, आणि वर्षाच्या अंदाजपत्रकावर चालणाऱ्या यंत्रणांना नेमके तेच जड जाते.

आपल्याकडे यातले पहिले अर्धे आता बऱ्यापैकी समजले आहे. नीलगिरीच्या माथ्यावर इंग्रजांनी जळणासाठी आणि कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणलेल्या वॅटलने शोलाजंगलांभोवतीची गवताळ कुरणे गिळली, हे अभ्यासक सांगत आले आहेत. कोकणात आणि गोव्यात सामाजिक वनीकरणातून आलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, ओसाड जांभ्यावरही वाढते म्हणून लावली गेली. तिच्या लवकर न कुजणाऱ्या पाल्याच्या थराखाली दुसरे फारसे उगवत नाही, ही तक्रार आता गावोगाव ऐकू येते. त्यावर उत्तर म्हणून देशी झाडांची मागणी वाढली, हे चांगलेच झाले. पण दुसरे अर्धे अजून समजायचे आहे. वड, पिंपळ, करंज ही आपलीच झाडे. तरी ती सड्यावर किंवा माळरानावर खड्डे खणून लावली, तर आपण कूटामुंड्राचीच चूक करत असतो. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आले ते तिथे झाडे आहेत म्हणून नव्हे. पातळ मातीत, उघड्या उन्हात आणि पावसाळ्यापुरत्या पाण्यात जगणाऱ्या छोट्या वनस्पतींसाठी ते आले, आणि सावली पडली की त्या संपतात. सोलापूरकडच्या माळरानांवर माळढोकासारख्या पक्ष्याला मोकळी नजर आणि उघडे गवत लागते. तिथे लावलेला लिंबसुद्धा त्याच्या घरावरचे अतिक्रमणच ठरतो.

म्हणून या पावसाळ्यात रोपे घेऊन निघणाऱ्या शाळांना, मंडळांना, ग्रामपंचायतींना आणि वनखात्यालाही एक विनंती. रोपवाटिकेत ‘देशी आहे का’ एवढ्यावर थांबू नका. हे झाड आपल्या तालुक्यात, अशाच मातीत आपोआप येते का, हे विचारा. बी शक्यतो जवळच्याच रानातून, देवराईच्या परिसरातून घ्या. आणि खड्डा खणण्याआधी त्या जागेवर वर्षभर काय उगवते हे गावातल्या गुराख्याला विचारा. ती जागा गवताची किंवा सड्याची असेल, तर तिथे काहीही लावू नका.